'अमर्याद'ची मर्यादा : मोबाइल डेटाच्या 'उचित वापर धोरणा'ची चिकित्सा

प्रस्तावना :

मोबाइलच्या रिचार्जची जाहिरात हा मजकूर आज लहानथोर सर्वांच्या वाचनात येतो. मात्र वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत तो येत नाही आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक त्यातील केवळ दर पाहतात. त्यातील शब्दांकडे पाहण्याचे काम त्यामुळे राहून जाते. प्रस्तुत लेखात अशा जाहिरातींतील 'अमर्याद' आणि 'उचित' या दोन विशेषणांची चिकित्सा केली आहे. ठराविक डेटा संपल्यानंतर ग्राहकाचा इंटरनेटचा वेग एकदम खाली आणण्याची जी पद्धत मोबाइल कंपन्यांनी रूढ केली, तिला 'फेअर युसेज पॉलिसी' म्हणजेच उचित वापर धोरण असे नाव आहे. पद्धतीइतकेच हे नावही तपासण्याजोगे आहे, कारण मूलतः किमतीशी निगडित असलेल्या एका निर्णयाला ते नीतीचा वेष चढविते आणि दोषाचा भार वापरणाऱ्याच्या माथी टाकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'अमर्याद'चे गणित :

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. आरंभीच्या मोफत योजनेत दररोज ४ जीबी डेटा वेगाने मिळत असे, त्यानंतर वेग १२८ केबीपीएसवर येई. जानेवारी ते मार्च २०१७ या काळासाठीच्या पुढील मोफत योजनेत हीच दैनिक मर्यादा १ जीबी झाली. नंतरच्या सशुल्क योजनांत मर्यादेनंतरचा वेग ६४ केबीपीएस ठेवण्यात आला आणि अशा योजनांना सर्रास 'अनलिमिटेड' हे विशेषण लागले. डेटा संपला तरी जोडणी तुटत नाही, म्हणून तो अमर्याद, असा या विशेषणामागील युक्तिवाद होय.

हा युक्तिवाद आकडेमोडीत टिकत नाही. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने तासाभरात २८.८ एमबी मजकूर उतरतो आणि एक क्षणही न थांबता चोवीस तास उतरवीत राहिल्यास सुमारे ६९१ एमबी होतो. अर्थात रोज १.५ जीबी देणाऱ्या 'अमर्याद' योजनेची कमाल मर्यादा दिवसाला सुमारे २.२ जीबी इतकी निश्चित आहे. तीही मध्यरात्रीनंतर लगेच सारा कोटा संपवून उरलेला दिवस फोन खाली न ठेवणाऱ्यासाठी! सायंकाळी सहा वाजता ज्याचा कोटा संपतो, त्याच्या वाट्याला मध्यरात्रीपर्यंत १७३ एमबीहून अधिक काही येऊ शकत नाही. मर्यादा आहेच, फक्त ती बाइटमध्ये न सांगता वेगामध्ये सांगितली आहे.

शिवाय या वेगाला कोणत्या नावाने ओळखावे, हाही प्रश्न आहे. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २५६ केबीपीएस वेगाची अट होती. ती २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. ६४ केबीपीएस हा वेग २००४ च्या किमान वेगाच्या चौथा हिस्सा आणि २०२३ च्या किमान वेगाच्या सुमारे बत्तिसावा हिस्सा आहे. जुन्या डायल-अप मोडेमच्या ५६ केबीपीएसशीच त्याचे नाते जवळचे. फरक इतकाच, की डायल-अपच्या काळातील संकेतस्थळे त्या वेगाला झेपतील अशी बनविली जात. आजचे २ एमबीचे साधे पान या वेगाने उघडण्यास चार मिनिटांहून अधिक काळ लागतो आणि तोवर समोरच्या संगणकाने जोडणी सोडून दिलेली असण्याचाच संभव अधिक.

मराठीत 'अमर्याद' या शब्दाला आणखी एक छटा आहे. मर्यादा म्हणजे सीमा, तशीच रीतभातही. मर्यादा सोडून वागणारा तो अमर्याद. जाहिरातीने देऊ केलेले 'अमर्याद' जो शब्दशः घेतो, तो कंपनीच्या लेखी दुसऱ्या अर्थाने अमर्याद ठरतो. त्यालाच मग 'अतिवापर करणारा ग्राहक' म्हटले जाते.

'उचित' कोणाच्या दृष्टीने? :

कंपन्यांची बाजू अशी, की एका मोबाइल टॉवरची क्षमता त्या परिसरातील सर्वांनी वाटून घ्यावयाची असते. थोड्या लोकांनी ती बरीचशी व्यापली तर इतरांना त्रास होतो. या म्हणण्यात तथ्य आहे. ध्वनिलहरींप्रमाणे रेडिओलहरी फुकट वाटल्या तरी स्पेक्ट्रम मर्यादित असतो, लिलावात त्याची मोठी किंमत मोजावी लागते आणि तारेप्रमाणे हवेत दुसरी वाहिनी टाकता येत नाही. थ्रीजीच्या काळात कोटा संपल्यावर दर १० केबीमागे पैसे कापले जात व बिल पाहून ग्राहकाला धक्का बसे. त्या मानाने वेग कमी होणे हे सौम्यच म्हटले पाहिजे.

परंतु गर्दी ही नेहमी एका ठिकाणी आणि एका वेळी होत असते. रात्री नऊ वाजता एखाद्या टॉवरवर ताण असतो, पहाटे तीन वाजता तोच टॉवर मोकळा असतो. खरोखर गर्दीचे व्यवस्थापन करावयाचे तर गर्दी असेल तेव्हा आणि तेथेच सर्वांचा वेग थोडा कमी करावा लागेल. दैनिक कोट्याला मात्र वेळही कळत नाही आणि ठिकाणही कळत नाही. मोकळ्या टॉवरखाली पहाटे अभ्यास करणाऱ्याचा वेगही तो तितकाच खाली आणतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चे'त औचित्याची जी स्थाने सांगितली, त्यांत देश आणि काल यांचाही समावेश आहे. देशकालाचा विचार नसलेल्या धोरणास 'उचित' म्हणणे हे भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला तरी जड जाईल.

अमेरिकेत हा मुद्दा स्पष्टपणे पुढे आला. व्हेरायझन या कंपनीने २०१४ मध्ये आपल्या जुन्या अनलिमिटेड योजनेतील सर्वाधिक वापर करणाऱ्या ५ टक्के फोर-जी ग्राहकांचा वेग गर्दीच्या ठिकाणी कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा तेथील संचार आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी कंपनीला जाब विचारला. ग्राहकाची योजना कोणती यावरून वेग ठरत असेल, तर त्याला जाळ्याचे व्यवस्थापन कसे म्हणता येईल, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. त्याच महिन्यात संघीय व्यापार आयोगाने एटी अँड टी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. २०११ पासून ३५ लाखांहून अधिक 'अनलिमिटेड' ग्राहकांचा वेग कंपनीने कमी केला आणि याची पुरेशी कल्पना दिली नाही, असा आरोप होता. महिन्याला अवघा २ जीबी वापर झालेलेही त्यात होते. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. येथून पुढे वेगावरील बंधने ठळकपणे सांगितल्याखेरीज 'अनलिमिटेड' म्हणावयाचे नाही, अशी अट तीत होती.

नियमनाची दिशा :

आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली आणि फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'ला पायबंद बसला. पुढे २०१८ मध्ये केंद्र शासनाने नेट समानतेची तत्त्वे स्वीकारून ती परवान्याच्या अटींत आणली. विशिष्ट मजकूर अडविणे, त्याचा वेग कमी करणे किंवा त्याला अग्रक्रम देणे यांस त्यामुळे मनाई झाली. हे नियम जगातील कडक नियमांत मोडतात आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा रोख 'काय' पाहिले जाते यावर आहे. 'किती' पाहिले आणि 'कोणी' पाहिले यावरून होणारा भेद त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. जास्त पैसे भरणाऱ्यांना अधिक वेग देऊ करणाऱ्या एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांच्या योजना जुलै २०२० मध्ये ट्रायने थांबविण्यास सांगितल्या, तेव्हा हा प्रश्न काही काळ चर्चेत आला. इतरांच्या सेवेला त्याने धक्का बसेल काय, अशी ट्रायची शंका होती. ती रास्तच होती. तथापि काहींचा वेग वाढविणे आक्षेपार्ह आणि काहींचा कमी करणे 'उचित', हा भेद कोणत्या तत्त्वावर केला जातो?

यापेक्षा महत्त्वाची बाब ट्रायच्या ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात आहे. मर्यादेनंतरचा वेग किती राहील हे ग्राहकास आधी सांगावे आणि कोटा संपत आल्याची सूचना द्यावी, असे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर तारेच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असा दंडक होता. मोबाइलसाठी मात्र असा कोणताही तळ आखलेला नव्हता. तेथे माहिती देणे पुरेसे मानले गेले. भारतातील ब्रॉडबँड जोडण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जोडण्या मोबाइलच्या आहेत. म्हणजे संरक्षण थोड्यांना आणि सूचना बहुतांना, अशी ही वाटणी झाली. माहिती दिल्याने फसवणुकीचा आक्षेप दूर होतो. विषमतेचा आक्षेप तसाच राहतो.

विषमता किती आहे, हे दोन आकड्यांवरून ध्यानी यावे. २०२० पासून घरगुती फायबर योजनांत 'अमर्याद'ची पडद्याआडची मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी इतकी ठेवलेली दिसते. दैनिक १.५ जीबीच्या मोबाइल योजनेत तीस दिवसांचे ४५ जीबी होतात. फाइव्ह-जीबाबतही हाच कल आहे. २०२२ मध्ये सेवा सुरू झाल्यानंतर तिचा अमर्याद वापर खुला होता. जुलै २०२४ च्या दरवाढीबरोबर जिओ व एअरटेल यांनी तो दररोज २ जीबी व त्यावरील योजनांपुरता राखला. टॉवर तेच असताना येथे बदलली ती फक्त किमतीची पायरी.

पाळीचे पाणी :

सामायिक आणि अपुऱ्या साधनाची वाटणी कशी करावी, याचा अनुभव महाराष्ट्राला नाही असे नाही. कालव्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे शेजपाळीची पद्धत आहे. शेतकरी सात नंबरच्या अर्जावर पाण्याची मागणी नोंदवितो, धरणातील साठा पाहून पाळ्या ठरतात आणि कोणाला कधी पाणी मिळणार हे आधी कळते. कालव्याच्या टोकाकडील शेतापासून भरणे सुरू करावे, असा तत्त्वतः दंडक आहे. व्यवहारात टोकाचा शेतकरी किती वेळा कोरडा राहतो, हे कोणत्याही कालव्यावर ऐकू येईल. तरी पण या पद्धतीत दोन गोष्टी आहेत. पाणी अमर्याद आहे असे पाटबंधारे खाते कधी म्हणत नाही आणि साठा किती आहे हे लपवीत नाही. टॉवरवर प्रत्यक्षात किती ताण आहे, हे ग्राहकाला कोणत्याही फलकावर वाचावयास मिळत नाही. साठा ठाऊक नसता पाळी उचित की अनुचित, हे ठरविणार कसे?

मुळशी तालुक्यातील लवळे येथे ही दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. टेकडीवर सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे आणि फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे. निवासी विद्यापीठात शिकणाऱ्याला इंटरनेट बहुधा संस्थेच्या तारेने मिळते आणि त्याच्या अभ्यासाला दैनिक कोटा नसतो. गावात राहून पिरंगुट किंवा पुण्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्याचे ग्रंथालय म्हणजे त्याचे सिमकार्ड. डोंगराच्या आडोशाला लहरी आधीच क्षीण होतात, त्यात कोट्याची भर पडते.

शिक्षणाचा संबंध :

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भारतात सुमारे १५ टक्के, तर शहरांत ४२ टक्के होती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे ४.४ टक्के होती. दोनच वर्षांत टाळेबंदी आली आणि सारे अध्यापन पडद्यावर गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन व ऑफलाइन अशा दोन्ही पर्यायांनी झाल्या. दिवसाला तीनचार तासिका चित्रफितीने ऐकणारा विद्यार्थी कंपनीच्या व्याख्येत 'अतिवापर करणारा' ठरला. त्याने उचित सोडून काय केले होते?

वेग कमी होणे म्हणजे नकार नव्हे, असे म्हटले जाते. जम्मू-काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून टू-जी सेवा परत सुरू झाली आणि फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. मधल्या काळात तेथील विद्यार्थी व डॉक्टर मंद वेगाबद्दल जे सांगत होते, ते नकाराहून फार निराळे नव्हते. त्या निर्बंधाचे कारण आणि स्वरूप वेगळे होते, हे खरे. तथापि शासनाने आणलेल्या मंदगतीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद होतो आणि कराराच्या बारीक अक्षरांतून आलेली मंदगती आपण निमूटपणे स्वीकारतो, याची नोंद घेतली पाहिजे.

मोबाइलसाठीही मर्यादेनंतरच्या वेगाचा तळ आखला जावा, ही मागणी प्राध्यापक संघटनांनी नियामकापुढे ठेवण्याजोगी आहे. तोवर काही गोष्टी आपल्याच हातातील आहेत. छायाप्रतीची पाने स्कॅन करून केलेली ४० एमबीची टिपणे आपण विद्यार्थ्यांच्या गटावर सहज टाकतो. ६४ केबीपीएस वेगाने ती उतरण्यास १ तास २३ मिनिटे लागतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल तर काही शे केबीत मावतो आणि मिनिटभरात उतरतो. स्वाध्याय जमा करण्याची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची ठेवण्याचा प्रघातही असाच. दैनिक कोटा बहुतेक योजनांत मध्यरात्री नव्याने सुरू होतो. ज्याचा डेटा सायंकाळी संपला त्याला तो मुदत टळल्यावर एका मिनिटाने मिळतो. हीच मुदत सकाळी आठची ठेवल्यास शिक्षकाचे काही जात नाही, विद्यार्थ्याला मात्र आठ तासांचा पूर्ण वेग मिळतो.