ताणलेला तुकाराम

मागच्या आठवड्यात आजीला माझ्या मोबाइलवर ‘संत तुकाराम’ लावून दिला. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. फोन आडवा धरला, तर मधे चौकोनी चित्र आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. “एवढंसंच का रे दिसतंय?” आजी म्हणाली. मी दोन बोटांनी चित्र ताणलं. स्क्रीन भरली, पण विष्णुपंत पागनीसांचं कपाळ गेलं.

नंतर हिशोब केला. सिनेमा साधारण ४:३ आकाराचा, माझा फोन २०:९. ताणून भरला की वरचं-खालचं मिळून ४० टक्के चित्र कापलं जातं. आणि या सिनेमाचा शेवट काय आहे? तुकोबा विमानातून वर जातात, जिजाई खाली राहते. सगळा प्रसंग वर आणि खाली यांच्यातल्या अंतरावर उभा आहे. फोन नेमकं तेच अंतर खातो.

पहिल्या आयफोनची (२००७) स्क्रीन ३:२ होती, २०१२ च्या आयफोन ५ ची १६:९, म्हणजे टीव्हीसारखी. मग २०१७ मध्ये एलजी जी६ १८:९ घेऊन आला, गॅलेक्सी एस८ त्याहून थोडा लांब, आणि वर्षाअखेरीस आयफोन एक्स, गोल कोपरे आणि खाच घेऊन. खाचेवर आपण भरपूर मीम केले. लांबीबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

खरं तर बोलायला हवं होतं. स्क्रीन तिरकी मोजतात. ६.५ इंचाचे दोन फोन घ्या, एक १६:९ आणि एक २०:९. इंच तेच, पण दुसऱ्याचं क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के कमी भरतं. जाहिरातीत मात्र फक्त इंच.

उंच फोन मुठीत बसतो, चॅट आणि रील्सना सोयीचा पडतो, हे मान्य. (हा लेखही तुम्ही अंगठ्याने वर सरकवतच वाचताय.) माझं भांडण ‘फुल स्क्रीन’ या शब्दाशी आहे. पूर्ण काय झालं? काच. चित्र अर्धवट राहिलं. खाच निदान दिसते तरी; ताणताना काय गेलं ते कळतही नाही. काळ्या पट्ट्यांना आपण दोष समजतो, पण दिग्दर्शकाची चौकट तेवढ्याच सांभाळतात.

मी चित्र पुन्हा लहान केलं, सिनेमा थोडा मागे नेला. आजीने चष्मा पुसला, फोन नाकाजवळ धरला. “हां,” ती म्हणाली, “आता पाय दिसतायत त्यांचे.”