ख्रिस्ती झायोनिझम : एका सोप्या स्पष्टीकरणाची तपासणी

मागच्या सत्रात आमच्या वाचनगटात मी एक सादरीकरण केलं. गटात सगळ्या विभागांचे संशोधक आहेत आणि नियम एकच : दर महिन्याला कुणीतरी स्वतःच्या विषयाबाहेरचा एक वाद वाचून मांडायचा. मी मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी करते. मी निवडला ख्रिस्ती झायोनिझम. म्हणजे ज्यूंनी पॅलेस्टाईनच्या भूमीत परत जावं, तिथे त्यांचं राष्ट्र असावं, आणि यामागे बायबलमधल्या देवाचा हेतू आहे, असं मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा विचार.

फळ्यावर मी एक सरळ बाण काढला. डार्बी, मग स्कोफिल्ड, मग हॅल लिंडसे, मग जॉन हेगी, आणि शेवटी २०१८ साली जेरुसलेमला हलवलेला अमेरिकेचा दूतावास. सगळ्यांना आवडलं. मग इतिहास विभागातल्या एका सीनियर ताईंनी विचारलं, "यात शाफ्ट्सबरी कुठे बसतो गं?"

हे नाव मी वाचलं होतं. बाणात बसत नव्हतं म्हणून टिपणातून वगळलं होतं. तेव्हा काहीतरी सारवासारव केली, पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा वाद चांगला धडा आहे असं मला वाटतं, म्हणून आज तो सविस्तर.

आधी बाण नीट समजून घेऊ

जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) आयर्लंडच्या चर्चमध्ये पाद्री होता. पुढे ते चर्च सोडून प्लिमथ ब्रदरेन या पंथाच्या उभारणीत पडला. त्याने मांडलेल्या पद्धतीला डिस्पेन्सेशनलिझम म्हणतात. थोडक्यात असं : देव माणसांशी वेगवेगळ्या युगांत वेगवेगळ्या रीतीने वागतो. त्याच्या योजनेत दोन स्वतंत्र लोकसमूह आहेत, इस्राएल आणि चर्च. इस्राएलला दिलेली वचनं इस्राएलचीच. ती चर्चकडे सरकत नाहीत.

यात दानीएलाच्या पुस्तकातल्या सत्तर सप्तकांचा हिशेब कळीचा आहे. डार्बीच्या मते त्यातली एकोणसत्तर संपली, आणि ज्यूंनी येशूला नाकारल्यावर भविष्यवाणीचं घड्याळ थांबलं. आत्ताचं चर्चचं युग हा मधला थांबा. एके दिवशी खरे विश्वासू अचानक वर उचलले जातील (यालाच रॅप्चर म्हणतात), घड्याळ पुन्हा सुरू होईल, सात वर्षं भयंकर संकटाची जातील, आणि मग येशू परत येऊन हजार वर्षं राज्य करील. या नाटकासाठी ज्यू लोक त्यांच्या भूमीत असायला हवेत.

सायरस स्कोफिल्डने हीच मांडणी बायबलच्या तळटिपांत उतरवली. १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते बायबल छापलं, आणि अमेरिकेतल्या असंख्य घरांत मूळ वचन आणि टीप एकाच पानावर वाचली जाऊ लागली. १९४८ ला इस्राएल स्थापन झालं. १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम इस्राएलच्या ताब्यात आलं. १९७० मध्ये हॅल लिंडसेचं 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' आलं आणि तुफान खपलं.

टिमोथी वेबरचं 'ऑन द रोड टू आर्मगेडन' (२००४) ही गोष्ट फार चांगली सांगतं. वेबर डिस्पेन्सेशनलिस्ट लोकांची टिंगल करत नाही. आतून पाहिलं तर हा विचार किती सुसंगत आहे, हे तो दाखवतो. माझा बाण बहुतांशी याच पुस्तकावर उभा होता. दोष वेबरपेक्षा माझ्या वाचनाचा जास्त, पण पुस्तकाची चौकटही तिकडेच ओढते.

पहिली अडचण : बाणाबाहेरची माणसं

एखादं कारण खरं कारण आहे का, हे तपासायचं तर आपण काय विचारतो? ते कारण नसतानाही परिणाम दिसतो का?

इथे दिसतो. १६२१ मध्ये, म्हणजे डार्बीच्या जन्माआधी जवळजवळ १८० वर्षं, हेन्री फिंच नावाच्या इंग्लिश कायदेपंडिताने ज्यूंच्या पुनर्स्थापनेवर पुस्तक लिहिलं. भविष्यवाण्यांतलं इस्राएल म्हणजे खरोखरचे ज्यू, चर्चचं रूपक नव्हे, असं त्याचं म्हणणं. जगातले राजे ज्यूंच्या राज्यापुढे झुकतील हे वाचून राजा पहिला जेम्स भडकला आणि फिंचला अटक झाली.

आता शाफ्ट्सबरी (१८०१–१८८५). कारखान्यांतल्या मुलांच्या कामाच्या तासांसाठी लढलेला हाच तो इंग्लिश उमराव. परराष्ट्रमंत्री पामर्स्टन त्याचा नातलग. त्याच्यापुढे त्याने ज्यूंच्या परतीचा मुद्दा रेटला, आणि १८४० मध्ये पामर्स्टनने कॉन्स्टँटिनोपलच्या राजदूताला त्या दिशेने लिहिलंही. गंमत अशी की शाफ्ट्सबरीने पामर्स्टनपुढे मुद्दा ठेवला तो राजकारणाचा आणि व्यापाराचा, स्वतःची श्रद्धा मागे ठेवून. पामर्स्टनला ऑटोमन साम्राज्य टिकवायचं होतं. शाफ्ट्सबरी डार्बीचा समकालीन खरा, पण अनुयायी नव्हे.

तिसरा माणूस विल्यम हेक्लर. जन्म १८४५, आपल्या बनारसचा, मिशनरी घरातला. पुढे तो व्हिएन्नातल्या ब्रिटिश दूतावासात पाद्री होता. १८९६ मध्ये हर्झलचं 'ज्यूंचं राष्ट्र' हे पुस्तक आलं आणि त्याच मार्चमध्ये हेक्लर त्याच्या दारात हजर. बाडेनच्या ग्रँड ड्यूकशी हर्झलची गाठ त्याच्यामुळे पडली, आणि १८९८ मध्ये कैसरची भेट झाली त्यातही त्याचा हात होता.

हेक्लरचा हिशेब बघा. प्रकटीकरणातले बेचाळीस महिने म्हणजे १२६० दिवस, आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष. खलिफा उमरच्या काळात, इ.स. ६३७-३८ च्या सुमारास, जेरुसलेम मुसलमानांच्या हाती गेलं. त्यात १२६० मिळवले की येतं १८९७-९८. हा डार्बीचा हिशेब नाही, उलट त्याला छेद देणारा आहे. डार्बीच्या मते घड्याळ थांबलेलं आहे, त्यामुळे आत्ताच्या तारखा मोजण्यात अर्थ नाही. हेक्लरच्या मते घड्याळ चालू आहे आणि काटा दिसतोय. मी या दोघांना 'शेवटच्या काळाचं वेड' अशा एकाच डब्यात टाकलं होतं. प्रयोगशाळेत दोन वेगळ्या प्रजातींना एकच लेबल लावण्यासारखं झालं हे.

दुसरी अडचण : श्रद्धेतून कृती कशी निघाली?

समजा फिंच-हेक्लर बाजूला ठेवले आणि फक्त अमेरिकेचं बोललो. तरी प्रश्न उरतोच. डार्बीची शिकवण जगापासून अलग राहण्याची होती. राजकारण म्हणजे बुडती नाव, तिला रंग कशाला द्या. देव त्याच्या वेळी करीलच. अशा शिकवणीतून निवेदनं, लॉबी, खासदारांच्या भेटीगाठी कशा निघतील?

वेबरला हा पेच ठाऊक आहे. प्रेक्षक असलेले हे लोक १९४८ आणि विशेषतः १९६७ नंतर मैदानात उतरले, असं तो दाखवतो. पण का? 'भाकीत खरं ठरलं म्हणून हुरूप आला' हे उत्तर मला अपुरं वाटतं. हुरूपाने पुस्तकं खपतात. संघटना उभ्या राहायला माणसं, पैसा, आमंत्रणं आणि समोरून हात पुढे करणारं कुणीतरी लागतं.

जुना अपवादही बोलका आहे. शिकागोचा विल्यम ब्लॅकस्टोन पक्का डिस्पेन्सेशनलिस्ट. १८९१ मध्ये त्याने अध्यक्ष हॅरिसनना ४१३ सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रॉकफेलर आणि जे. पी. मॉर्गन यांच्याही सह्या होत्या. निवेदनाचा गाभा होता रशियातल्या ज्यूंचा छळ, आणि १८७८ च्या बर्लिन तहाचा दाखला : बल्गेरिया बल्गेरियन लोकांना मिळाला, तर पॅलेस्टाईन ज्यूंना का नको? म्हणजे लिहिणाऱ्याची प्रेरणा एक, आणि सह्या मिळवणारा युक्तिवाद दुसरा. अशा वेळी 'कारण' नेमकं कोणतं म्हणायचं?

डॅनियल हमेल 'कव्हनंट ब्रदर्स' (२०१९) मध्ये इथेच काम करतो. १९४८ नंतरचे इव्हँजेलिकल नेते, इस्राएली अधिकारी आणि अमेरिकन ज्यू संस्था यांच्यातले संबंध कसे विणले गेले, हे तो दाखवतो : यात्रा, पर्यटन, शिक्षणसंस्था, धर्मांतर्गत संवाद, होलोकॉस्टनंतरची अपराधी जाणीव. त्याच्या मांडणीत मध्यभागी येतो तो उत्पत्ती १२:३ मधला अब्राहामाशी केलेला करार : तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन.

हा फरक बारीक वाटेल, पण मोठा आहे. शेवटच्या काळाचं शास्त्र घटनांना अर्थ देतं. ते 'पाहा' म्हणतं. आशीर्वादाचं शास्त्र आत्ताच काहीतरी करायला सांगतं, आणि न केल्यास शापाची भीतीही दाखवतं. सॅन अँटोनियोचे पाद्री जॉन हेगी यांनी २००६ मध्ये 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल' उभी केली. संघटनेचा शेवटच्या काळाशी संबंध नाही असं ते सांगतात, आणि उत्पत्तीतलं हेच वचन पुढे करतात. पण शेवटच्या काळावर खपाऊ पुस्तकंही तेच लिहितात! दोन्ही शास्त्रं एकाच माणसात. शेताच्या एकाच तुकड्याला खतही दिलं आणि पाणीही वाढवलं, तर पीक कशाने वाढलं हे त्या तुकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी वेगळे तुकडे हवेत, आणि ते आहेत. जेराल्ड मॅकडर्मॉटने संपादित केलेल्या 'द न्यू ख्रिश्चन झायोनिझम' (२०१६) मध्ये तो डिस्पेन्सेशनलिझमचा आधार न घेता ज्यूंच्या भूमीवरच्या हक्काचं समर्थन करतो. म्हणजे डार्बीशिवायही हा विचार उभा राहतो.

पण हमेलवरही माझा आक्षेप आहे

एका पुस्तकाला दुसऱ्याने पाडलं की आपण खूश होतो. मीही झाले. मग परत वाचलं.

हमेलची सामग्री मुख्यतः नेत्यांची आणि संस्थांची आहे. 'समेट', 'बंधुत्व' हे शब्द त्या नेत्यांचेच. माणूस स्वतःच्या कृतीचं जे कारण सांगतो तो पुरावा असतो, निकाल नसतो. दर रविवारी बाकावर बसणाऱ्याला समेट ऐकू येतो की आर्मगेडन, हे पत्रव्यवहाराच्या फायलींतून कळायचं नाही. आणि प्रेमाच्या या भाषेखाली एक जुनी भीतीही आहे. जखऱ्याच्या तेराव्या अध्यायात देशातले दोन तृतीयांश लोक मरतील असं आहे, आणि अनेक डिस्पेन्सेशनलिस्ट ते भावी ज्यूंबद्दलच वाचतात. हा पाठिंबा घ्यावा का, यावर ज्यूंमध्येच एकमत नाही ते काही उगाच नाही.

दुसरं, करार दोन भावांचा म्हटला की तिसरा माणूस कडेला पडतो : बेथलेहेम, रामल्ला, नाझरेथचा पॅलेस्टिनी ख्रिस्ती. २२ ऑगस्ट २००६ ला जेरुसलेममधल्या चार चर्चप्रमुखांनी (लॅटिन कॅथलिक, सीरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन) एकत्र निवेदन काढून ख्रिस्ती झायोनिझम ही चुकीची शिकवण म्हणून नाकारली. त्यांचा धार्मिक आधारही कच्चा नाही. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल अब्राहामाचं वचन ख्रिस्ताशी जोडतो, आणि जे ख्रिस्ताचे तेच वारस असं म्हणतो. समोरचा पक्ष रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय उघडतो : देवाने आपले लोक टाकलेले नाहीत, त्याचं पाचारण मागे घेतलं जात नाही. दोन्ही पत्रं एकाच पौलाची! आणि 'चर्चने इस्राएलची जागा घेतली' या शिकवणीने युरोपात ज्यूंचं काय केलं, हेही विसरता येत नाही. म्हणून हा वाद 'अडाणी विरुद्ध शहाणे' असा नाही. दोन्ही बाजूंना धर्मग्रंथ आहे आणि दोन्ही बाजूंना जखमा आहेत.

माझं मत एवढंच, की 'यांना फक्त जगबुडी हवी आहे' हे स्पष्टीकरण विरोधकांच्या सोयीचं आहे आणि 'आमचं फक्त प्रेम आहे' हे समर्थकांच्या. विषय जितका तापलेला, तितकं सोयीचं स्पष्टीकरण लवकर 'माहितीच' वाटू लागतं. त्याची किंमत खोलीत नसलेला माणूस मोजतो. माझ्या फळ्यावर ना शाफ्ट्सबरी होता, ना बेथलेहेमचा पाद्री.

पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला विचारतील, साहित्याचा आढावा कसा घेतला? आपण काय वाचलं हे सगळेच सांगतात. वाचलेलं काय वगळलं आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

त्या सादरीकरणानंतर मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची फाईल उघडली. लॅपटॉपवर 'इतर' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात माझ्या गृहीतकाविरुद्ध जाणारे दोन पेपर दीड वर्षं पडून होते. सध्या तेच वाचते आहे. प्रकरण लांबणार, गाईड वैतागणार. वैतागू देत.