कुलवृत्तान्त, जनगणना आणि जन्म-मृत्यूची नोंदवही : कौटुंबिक इतिहासाच्या साधनांची चिकित्सा

प्रास्ताविक :
घराण्याचा इतिहास जपण्याची परंपरा मराठी समाजात जुनी आहे. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनांची कागदपत्रे आणि विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तान्त ही तिची ठळक रूपे होत. मात्र या साधनांकडे बहुधा कुलाभिमानाच्या दृष्टीने पाहिले गेले. त्यांची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील एखाद्या सामान्य कुटुंबाचा माग काढू लागताच ही उणीव जाणवते. प्रस्तुत लेखात मीरा-भाईंदरमधील उत्तन-डोंगरीचा किनारा समोर ठेवून या साधनांचा विचार केला आहे.

कुलवृत्तान्ताची मर्यादा :
कुलवृत्तान्ताची मांडणी मूळ पुरुषापासून सुरू होते व पुत्रपरंपरेने पुढे जाते. कन्येची शाखा तिच्या विवाहापाशी थांबते. सून माहेरच्या नावानिशी येते, पण तिचे स्वतंत्र चरित्र क्वचितच येते. शिवाय ज्या घरात लेखन, वतन वा पौरोहित्याशी संबंध होता, त्याच घराला असा ग्रंथ प्रामुख्याने लाभला. कोळी, आगरी, मिठागरावरील मजूर यांच्या वाट्याला तो आला नाही. म्हणून कुलवृत्तान्त हे एका विशिष्ट वर्गाचे आत्मकथन म्हणून वाचणे युक्त ठरते.

जनगणनेचे मौन :
इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातील व्यक्तींची नावे टिपली गेली आणि त्या वह्या जपल्या गेल्या. शंभर वर्षांनंतर त्या खुल्या होतात. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. त्यामुळे लंडनमधील एखाद्या शिंप्याचे कुटुंबही दर दहा वर्षांनी वय, व्यवसाय व जन्मस्थळासह भेटते.

भारतात १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पहिली एककालिक जनगणना झाली. तीही घरोघर जाऊनच झाली; परंतु कोष्टके तयार झाल्यावर मूळ पत्रके जपण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जातीजमातींची वर्णने व आकडे विपुल आहेत. त्या आकड्यांमागील कुटुंबे मात्र अनामिक राहतात. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या जनगणना कायद्यानेही (कलम १५) व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई केली. गोपनीयतेच्या दृष्टीने ती समर्थनीय असली, तरी शंभर वर्षांनंतर नोंद खुली करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही.

याउलट मुंबई इलाख्यातील युरोपीय कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. १७०९ ते १९४८ या काळातील ही मालिका ब्रिटिश लायब्ररीत उपलब्ध आहे. एकाच किनाऱ्यावर मरण पावलेल्या गोऱ्या शिपायाचा शोध लागतो, कोळ्याचा लागत नाही. हा फरक योगायोगाचा नाही. तो दप्तराच्या उद्देशाचा आहे.

चर्चची नोंदवही व गाव नमुना १४ :
उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती कुटुंबांपुरती ही पोकळी चर्चच्या नोंदवह्या काही अंशी भरून काढतात. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अशा वह्या ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांसह धर्ममातापित्यांची नावेही येतात. त्यातून नातेसंबंधांचे असे जाळे उलगडते, जे कुलवृत्तान्तात सापडत नाही. मात्र पोर्तुगीज आडनावे अनेक घरांत समान असल्याने केवळ आडनावावरून वंश ठरविणे धोक्याचे आहे.

वर्गनामांबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ मध्ये, राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संघटितपणे स्वीकारले गेले. त्यामुळे एका कागदात ‘नेटिव्ह ख्रिश्चन’, दुसऱ्यात ‘कोळी’ आणि तिसऱ्यात ‘ईस्ट इंडियन’ असे दिसणारे कुटुंब एकच असू शकते.

इतर समाजांसाठी गाव नमुना १४, म्हणजे गावपातळीवरील जन्म-मृत्यूची नोंदवही, हे महत्त्वाचे साधन होय. तिच्या अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत. १८८६ च्या कायद्यातील नोंदणी ऐच्छिक होती. १९६९ च्या कायद्याने ती देशभर सक्तीची झाली. तेव्हा जुन्या वहीत नाव नसणे म्हणजे व्यक्ती नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आजचा संदर्भ :
या चिकित्सेला आज प्रत्यक्ष महत्त्व आले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गाव नमुना १४, शाळांची दाखलखारिज पुस्तके व मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली. पणजोबांची एक ओळ नातवाच्या शिक्षणाशी व नोकरीशी जोडली गेली. ज्याची ओळ लिहिली गेली वा वाळवीतून वाचली, त्याला पुरावा मिळतो. शेजारच्या घराला मिळत नाही. अशा वेळी दप्तरातील मौन हे कुटुंबाचे वैगुण्य न मानता नोंद ठेवणाऱ्याचे वैगुण्य मानणे न्यायाचे ठरते.

निष्कर्ष :
मीरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ होती. त्यांतील बहुसंख्यांचे पूर्वज अन्यत्र नोंदले गेले आहेत, तर मूळ गावकऱ्यांचे कागद चर्च, महसूल व पालिका यांच्या दप्तरांत विखुरलेले आहेत. कोणतेही एक साधन पुरेसे नसल्याने कुटुंबातील मौखिक स्मृती, चर्चची वही व सरकारी नोंद ही परस्परांच्या कसोटीवर तपासली पाहिजेत. त्यासाठी इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी मोडीवाचनाचे वर्ग चालविणे, संबंधितांच्या संमतीने जीर्ण वह्यांची छायाचित्रे घेणे आणि स्त्रियांच्या नावांची स्वतंत्र सूची करणे, ही कामे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत.