हसू, करुणा आणि आमची एक चूक : कॅथरीन ओहारा यांच्या निमित्ताने

आजचं व्याख्यान म्हणजे खरं तर एक कबुली आहे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं आंरी बर्गसाँ यांचं हास्यमीमांसेवरचं पुस्तक शिकवलं. ते १९०० सालचं. त्यांचं म्हणणं असं की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येतं. आणि हसायचं तर हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. ‘कीव आली की हसू संपलं’, असं आम्ही फळ्यावर लिहूनच द्यायचो. निवृत्तीनंतर कॅथरीन ओहारा या कॅनेडियन अभिनेत्रीचं काम सलग पाहिलं, आणि ते वाक्य खटकू लागलं.

ओहारा यांचा जन्म १९५४चा, टोरँटोतला. तिथल्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यमंडळीत त्या घडल्या, मग ‘एससीटीव्ही’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आल्या. तिच्या लेखनासाठी सहलेखकांबरोबर त्यांना १९८२ मध्ये एमी मिळालं. म्हणजे त्या नुसत्या नटी नव्हेत, लेखिकाही. या काळातली त्यांची लोला हीदरटन बघा. प्रेक्षकांवर प्रेमाचा नुसता वर्षाव करणारी, आणि त्याच प्रेमासाठी हपापलेली गायिका. तेच हसणं, तीच लाडीगोडी, पुन्हा पुन्हा. इथे बर्गसाँ चपखल बसतात, हे मान्य करायलाच हवं.

पण पुढे काय होतं? ‘होम अलोन’ (१९९०) मध्ये मुलाला घरीच विसरून आलेली आई त्या रंगवतात. परतीच्या वाटेवर एका वाद्यवृंदाच्या गाडीत ती म्हणते, मी वाईट आई आहे. शेजारी जॉन कँडी, एससीटीव्हीतलेच जुने सहकारी. तिची समजूत घालायला तो सांगतो, आम्हीही एकदा पोराला अंत्यविधीच्या ठिकाणी विसरलो होतो! ओहारा तिथे विनोद करत नाहीत, फक्त ऐकतात. त्यांच्या चेहऱ्यावर धीर कमी आणि धसकाच जास्त दिसतो. आपण हसतो, आणि तिच्यासाठी गलबलतोही. कुठे गेली ती भूल?

क्रिस्टोफर गेस्ट यांच्या चित्रपटांत कथेचा आराखडा असतो, संवाद मात्र बहुतेक नटांना उत्स्फूर्तपणे सुचलेले. ‘फॉर युअर कन्सिडरेशन’ (२००६) मधली मॅरिलिन हॅक ही उतारवयातली नटी. तिला ऑस्करचं नामांकन मिळेल अशी आवई उठते. आधी ती मनावर घेत नाही. मग आशा धरते, चेहरा ताणून घेते. नामांकन येत नाही. तो ताणलेला चेहरा म्हणजे अगदी बर्गसाँचं यंत्र. पण आतून माणूस बघतोय, हे आपल्याला दिसत राहतं. संवाद जिथे तिथेच सुचायचे, तिथे पात्राला तुच्छ लेखून चालत नाही. त्याच्या आशेवर नटाला स्वतः विश्वास ठेवावा लागतो.

‘शिट्स क्रीक’ (२०१५ ते २०२०) मधली मोइरा रोझ हा याच वाटेवरचा पुढचा टप्पा. श्रीमंती गेली, तोरा राहिला. काही भागांत तिचे विग आणि कुठल्याच गावचे नसलेले उच्चार यांवरच हसू उभं राहतं, तेव्हा ते यांत्रिक होतं. हा दोष आम्ही झाकणार नाही. पण हीच स्वतःत बुडालेली बाई लेकीच्या पदवीदानाला गावातल्या बायकांच्या वृंदात उभी राहून गाते. तोरा तसाच आहे, आणि मायाही खरी. या भूमिकेसाठी त्यांना २०२० मध्ये अभिनयाचं एमी मिळालं. लेखनाच्या त्या एमीनंतर ३८ वर्षांनी.

प्रश्न एका नटीपुरता नाही. कीव आली की हसू संपतं हे खरं असेल, तर आपल्या माणसांवर आपण प्रेमानं हसूच शकणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तोरा आठवा. आपण हसतो, आणि त्यांना जपतोही. बर्गसाँनी हास्याची एक जात अचूक ओळखली. तीच सगळी हास्यजात आहे असं समजून शिकवलं, ही चूक आमची. आमच्या ज्या विद्यार्थ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं असेल, त्यांनी त्यापुढे ‘नेहमीच नाही’ एवढं जोडावं.

असो. आता प्रश्न घेऊ.