गुपचूप बदली

बँकेत कुणाची बदली गुपचूप होत नाही. ऑर्डर निघण्याआधी आठ दिवस शिपायाला ठाऊक असतं आणि चहावाल्याला दहा दिवस. त्यामुळे बावीस वर्षं खिडकीत बसून 'बदली' या शब्दाची माझी भीती मेली होती. ती कॉम्प्युटरनं परत आणली.

त्याचं असं झालं. निमगाव केतकीत वडिलांचा पानमळा होता. त्याचा हिशोब ते वहीत लिहीत, आणि रोजच्यापेक्षा वेगळं काही घडलं की ते समासात. 'आज पाऊस. बाळूला ताप.' बाळू म्हणजे मी. वह्यांना वाळवी लागली तेव्हा मी पानांचे फोटो काढले आणि आमच्या हिनं वह्या बंबात घातल्या.

फोटोंना नावं म्हणून नुसते आकडे. त्याऐवजी तारखा द्याव्यात म्हणून पुण्याचा भाचा मला पायथन शिकवू लागला. हे नाव सापावरून नव्हे, 'माँटी पायथन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून पडलंय म्हणे. मग मला जमायला हरकत नव्हती. त्यात 'ओएस' नावाच्या विभागात 'रीनेम' हे फंक्शन आहे. घरच्या विंडोजवर दहा फोटोंवर चालवून पाहिलं. एका तारखेची दोन पानं आली की ते अडून बसे : या नावाची फाइल आधीच आहे! अगदी आमच्या हेडक्लार्कसारखं. मला भरवसा वाटला.

मग सगळे फोटो होते त्या भाच्याच्या लॅपटॉपवर, म्हणजे लिनक्सवर, तोच प्रोग्रॅम सोडला. हूं नाही की चूं नाही. मिनिटात काम फत्ते. मोजले तर दोनशे चाळीसचे दोनशे सव्वीस! एका तारखेचं दुसरं पान आलं की पहिलं गडप. गेलेल्या चौदांत माझ्या तापाचं पान होतं.

"मामा, लिहिलेलं आहे सगळं," भाचा म्हणाला. तेव्हा रागानं मी पायथनचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. टीका करायची तर आधी वाचावं लागतं, हा समीक्षेतला एक गैरसोयीचा नियम आहे.

पुस्तक नेकीचं आहे, हे कबूल. जे फंक्शन सगळीकडे नाही, त्याच्याखाली 'उपलब्धता' अशी वेगळी ओळ असते. 'गेटयूआयडी' : युनिक्स. 'स्टार्टफाइल' : विंडोज. शिवाय सुरुवातीलाच खुलासा आहे की 'उपलब्धता : युनिक्स' म्हणजे ते युनिक्सवर सहसा सापडतं, अमुक एका यंत्रणेवर असेलच असा दावा नाही. हे वाक्य लिहिणारा पूर्वी बँकेत असणार.

आता 'रीनेम'. त्या नावाची फाइल असेल तर विंडोजवर नेहमी अडतं. युनिक्सच्या गोतावळ्यात, लिनक्स त्यातलंच, परवानगी असली की जुनी फाइल गुपचूप बदलली जाते. 'गुपचूप'सुद्धा लिहिलंय! दोन्हीकडे बदलायचीच असेल तर 'रीप्लेस' वापरा, असंही आहे. ते 2012 साली आलेल्या 3.3 आवृत्तीपासून मिळतं. पण हे सगळं परिच्छेदाच्या पोटात. 'सीएचमॉड' विंडोजवर फाइलची फक्त 'वाचनापुरती' ही खूण बदलू शकतं, त्याला निदान वेगळी टीप आहे. 'रीनेम'ला तीही नाही.

माझी तक्रार एवढीच. जे नाही त्याला पाटी. जे आहे पण वेगळं वागतं, त्याला नाही. जे नाही ते बिचारं काय बिघडवणार? प्रोग्रॅम तिथंच थांबतो. घात होतो तो एका नावाच्या दोन वागणुकींनी. तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते, माउलींची फलटणवरून जाते. नुसतं 'पालखी' म्हटलं म्हणून माउलींच्या दर्शनाला निघालेली आमची मावशी एकदा निमगावात येऊन बसली होती. पांडुरंग एकच, पण वाट कुठली ते ठळक लिहायला नको?

चूक माझीच, मी न वाचता चालवलं, दुसरी प्रतही ठेवली नाही. तरी 'उपलब्धता'खाली 'फरक' अशी एक ओळ असती तर मीसुद्धा ती वाचली असती.

आईला विचारलं. तिला ताप आठवतो, तारीख नाही. वडिलांना संगणक ठाऊक नव्हता; पण वेगळं घडेल ते समासात लिहावं, एवढं कळत होतं.