दायमाबादचा सारथी : पूज्य की पूजक?

प्रवरेकाठच्या दायमाबाद (तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर) येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला खोदताना चार ओतीव धातुशिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात उभा नग्न पुरुष; त्याच्या लिंगावर नागफणा. हा पुरुष कोण, याविषयी जे लिहिले गेले ते पुरातत्त्वाइतकेच समीक्षेच्याही कक्षेत येते.

त्याला पशुपती मानण्याचा मोह स्वाभाविक आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेवर बसलेल्या आकृतीभोवती हत्ती, गेंडा, रेडा आहेतच. वाघ तेवढा येथे नाही. परंतु त्या आकृतीलाही 'पशुपती' हे नाव मार्शल यांनी उत्तरकालीन शैव परंपरेच्या आधारे दिलेले. म्हणजे एका अर्थनिर्णयनाला आधार दुसऱ्या अर्थनिर्णयनाचाच. शिवाय मुद्रेवरील रचना कारागिराची आहे. येथे चार सुट्या वस्तूंची एक 'संहिता' आपण रचतो आणि मग तिच्यात आपलाच अर्थ सापडल्याचा आनंद मानतो.

क्रीटमधील मिनोअन कांस्यमूर्तींशी तुलना केली म्हणजे अडचण नेमकी कळते. उजवा हात कपाळाशी, कंबरेतून मागे झुकलेले शरीर : या छोट्या आकृतींना अभ्यासक 'पूजक' म्हणतात, आणि ते वाचन टिकते. एक तर ती मुद्रा पुनःपुन्हा येते. दुसरे, अशा कितीतरी मूर्ती गुहांतील व डोंगरमाथ्यावरील पूजास्थानी मिळाल्या आहेत. संकेत पुनरावृत्तीने सिद्ध होतो, संदर्भ स्थानाने. दायमाबादच्या सारथ्याजवळ दोन्ही नाहीत. तो एकटा आहे आणि उत्खनित स्तरांतून आलेला नाही. त्याचा काळही वादग्रस्त : देशपांडे, राव, साळी यांनी ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन मानली, डी. पी. अगरवाल यांनी धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून ती ऐतिहासिक काळातील असावीत असे सुचविले. कालच अनिश्चित असलेल्या मूर्तीला देवनाम देणे ही समीक्षेची घाई होय.

'पूज्य की पूजक' ही विभागणी तरी त्या कारागिराची होती काय? आपल्या देव्हाऱ्यातले टाक पाहावेत. घोड्यावरचा स्वार खंडोबा असतो, तसा घरातला मृत वीरही असू शकतो. दोघांनाही त्याच ताम्हनात स्नान, तोच भंडारा. भेद आकृतीत नसतो, घरातल्यांच्या स्मरणात असतो. ते घर मोडले आणि टाक संग्रहालयात गेला, की नोंदवहीत तो बहुधा खंडोबाच होतो.