पाचाच्या पुढे मोजणी नाही

तुमचं मूल इथल्या विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी शिकत असेल, तर त्याच्या संशोधनपद्धतीच्या टिपणांत 'क्राइम सर्व्हे फॉर इंग्लंड अँड वेल्स' हमखास सापडेल. १९८२ साली 'ब्रिटिश क्राइम सर्व्हे' म्हणून तो सुरू झाला. कल्पना साधी आणि मोठी आहे: पोलिसांच्या वह्या न चाळता थेट घरोघरी जाऊन विचारायचं, गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं? मंगळसूत्र हिसकावलं गेलं आणि 'कशाला ती कटकट' म्हणून तुम्ही तक्रार केली नाहीत, तरी ते इथे धरलं जातं. २०१४ मध्ये पोलिसांच्या आकड्यांचा 'नॅशनल स्टॅटिस्टिक्स' हा दर्जा काढून घेतला गेला, तेव्हा या सर्वेक्षणाचं वजन आणखी वाढलं.

तरीही त्यात एक नियम वर्षानुवर्षं होता. एकाच व्यक्तीवर तोच प्रकार बहुधा त्याच माणसाकडून पुन्हापुन्हा होत असेल, तर जास्तीत जास्त पाच घटना मोजायच्या. नवऱ्याने चाळीस वेळा मारलं, तरी पाच. का, तर अशा मोजक्या उत्तरांमुळे एकूण आकडा दरवर्षी वर-खाली उसळतो. हे कारण खोटं नाही. पण आलेख गुळगुळीत राहावा म्हणून नेमकी कोणाची पस्तीस मारहाण वगळली, हे विचारायला नको? लँकेस्टर विद्यापीठाच्या सिल्व्हिया वॉल्बी आणि सहकाऱ्यांनी ते विचारलं. ही मर्यादा उठवल्यावर स्त्रियांवरच्या हिंसेचा आकडा सुमारे ७० टक्क्यांनी चढला. २०१९ मध्ये पद्धत बदलली. आता मर्यादा बरीच वर आहे, पण आहेच.

माझा आक्षेप सर्वेक्षणापेक्षा ते शिकवण्याच्या रीतीवर आहे. विद्यार्थी डेटा उतरवून घेतो, सॉफ्टवेअर चालवतो, तक्ता काढतो. प्रश्नावली मात्र वाचत नाही. घरातल्या छळाचे प्रश्न लोकांनी स्वतःच संगणकावर वाचून उत्तरायचे असतात, शेजारी बसलेल्या सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. ही सोय शहाणपणाची. पण २०१७ पर्यंत हे प्रश्न ५९ वर्षांपर्यंतच्याच लोकांना विचारले जात. मुलाकडे राहायला आलेल्या ६५ वर्षांच्या आजींना ते विचारलेच जात नव्हते. वयाची अट पुढे ७४ वर नेली आणि २०२१ मध्ये काढली. जुने तक्ते उघडण्याआधी मुलाला ही अट बघायला सांगा.